हाय बीपी, घरचा व्यायाम आणि रोजच्या सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, चाळिशीच्या पुढच्या लोकांचे व्यायामाचे ग्रुप घेते. ग्रुप सुटला की पाणी पिता पिता आणि नंतर दिवसभर व्हॉट्सॲपवर बीपीचेच प्रश्न येत असतात, काका-मावशींचे तर असतातच पण आता तिशीतल्या पोरांचेही यायला लागलेत. तेच सगळे इथे एकत्र लिहितेय. गोळी कुठली, किती, बंद कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवणार, मी नाही आणि हे वाचून तुम्हीही नाही. बाकीचं जे आपल्या हातात आहे ते मात्र भरपूर आहे आणि त्याने आकडे खरंच खाली येतात, म्हणून एवढं लांबलचक लिहायचं.

दवाखान्यात १३८/८८ आलं. हे हाय बीपी झालं का?

एका रीडिंगवर कुणीच शिक्का मारून घेऊ नये. साधारण नियम असा की दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं तर हाय, आणि घरी नीट मोजलेल्याची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तरी हाय. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० लाच हाय धरतात म्हणून नेटवर वेगवेगळे आकडे दिसतात, त्याने गोंधळू नका. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं त्यावेळचा, खालचा दोन ठोक्यांच्या मधला, आणि दोन्हीपैकी एक जरी वर असेल तरी लक्ष द्यायचं. "खालचा तर नॉर्मल आहे ना" म्हणून साठीतले बरेच जण वरच्या १६० कडे काणाडोळा करतात, तसं अजिबात करू नका, उतारवयात वरचा आकडाच जास्त धोका सांगतो.

१३८/८८ म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. व्यायाम आणि मीठ यांचा उपयोग याच टप्प्यावर चांगला होतो, त्यामुळे घाबरू नका पण "अजून कुठे १४० झालंय" असंही म्हणू नका. एक आठवडा घरी मोजा आणि ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

मला तर काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग कशाला मोजायचं?

काहीच होत नाही हेच तर यातलं वाईट आहे. १७०/१०० घेऊन माणूस आरामात दुचाकीवर द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून ऑफिसला जातो आणि त्याला काही जाणवत नाही, पण आत मेंदूच्या, किडनीच्या, डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या रोज मार खात असतात. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब नावाचा देशभरचा मोठा सर्व्हे आला, त्यात ३५.५ टक्के मोठ्या माणसांना हाय बीपी निघालं, म्हणजे जवळपास तिसरा माणूस. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी मोजाच, आणि आई-वडिलांना बीपी असेल तर तिशीची वाटही बघू नका.

घरी मोजलं की दर वेळी वेगळाच आकडा येतो. मशीन खराब आहे का?

बहुतेक वेळा मशीन बरोबर असतं, मोजायची पद्धत चुकते. मी कुणाच्या घरी गेले की बघते, माणूस जिना चढून आला, सोफ्यात रुतून बसला, पायावर पाय टाकला, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि बटण दाबून "अगं गॅस बंद केला का" असं आत विचारतोय. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो, नुसतं बोलण्यानेसुद्धा.

बरोबर पद्धत अशी. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या, लघवी तुंबलेली असली तरी बीपी वाढतं. मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसा, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर असा ठेवा की दंड छातीच्या उंचीला येईल, पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या जरा वर. आता कुणाशी बोलायचं नाही, टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. एक रीडिंग घ्या, एक मिनिट थांबा, दुसरं घ्या, दोन्ही लिहून ठेवा. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा, डॉक्टरांना ही सरासरी दाखवली तर ते खूश होतील कारण त्यांना केबिनमधल्या एका आकड्यापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं. काहींचं बीपी फक्त डॉक्टर समोर आले की वाढतं आणि काहींचं उलट, दवाखान्यात छान आणि घरी-ऑफिसात जास्त. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो दवाखान्यात सापडतच नाही.

आणि उगाच दिवसातून दहा वेळा मोजत बसू नका. टेन्शनने मोजायचं, आकडा वाढला की परत टेन्शन, असं करणारे खूप आहेत.

मशीन कोणतं घेऊ? मनगटाचं चालेल का?

दंडाला लावायचं डिजिटल घ्या, मनगटाचं नको, त्यात हाताच्या उंचीने फार फरक पडतो. ज्यांचा दंड जाड आहे त्यांनी मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्यात आकडा खोटा वाढलेला येतो. पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजा, ज्या हाताला जास्त येतं तोच कायम धरा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडे मशीन घेऊन जा आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा.

कुठला व्यायाम सगळ्यात चांगला?

जो तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल तो. खरंच, मी हे टाळाटाळ म्हणून सांगत नाहीये. बीपीवर व्यायामाचा परिणाम काही तासांपासून साधारण एक दिवस टिकतो, आणि काही आठवडे सोडून दिला की मिळवलेलं सगळं हळूहळू परत जातं, त्यामुळे जानेवारीत जिम लावून फेब्रुवारीत सोडण्यापेक्षा रोजचं चालणं केव्हाही भारी.

चालण्यासाठी हिशोब आठवड्याला १५० मिनिटांचा, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. वेग असा की चालता चालता बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. हीच खूण वापरा, विशेषतः मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर, कारण त्या ठोके वाढूच देत नाहीत आणि घड्याळावरचा हार्ट रेट बघून काही कळत नाही. हाय बीपी असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्याने साधारण पाच ते आठने उतरतो. आपल्याकडे जागा आहेत ना, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोदा पार्क आहे, गोल्फ क्लबचं मैदान आहे. आणि कॉलनीतला रिकामा रस्ता पण पुरतो, फक्त कुत्र्यांचं बघा.

थांबताना एकदम थांबू नका, शेवटची पाच मिनिटं हळू चाला. बीपीच्या काही गोळ्यांवर असताना जोरात चालून झटकन उभं राहिलं किंवा बाकावर बसून पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

मला बाहेर पडताच येत नाही. सासूबाई अंथरुणाला आहेत, मुलांची शाळा आहे. घरातल्या घरात काय करू?

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बायकांचाच येतो. तुमच्यासाठी एक रिकामी भिंत पुरेशी आहे.

२०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० ट्रायल्स एकत्र करून तुलना छापून आली, की चालणं-पळणं, वजनं उचलणं, थांबून थांबून जोरात करायचा व्यायाम आणि एकाच स्थितीत स्नायू आवळून धरायचा व्यायाम, यातलं बीपीला काय जास्त खाली आणतं. पहिला नंबर आला आवळून धरायच्या व्यायामाचा, वरचा आकडा सरासरी आठच्या आसपास आणि खालचा चारने कमी. यात सगळ्यात सोपा म्हणजे भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, वॉल सिट म्हणतात त्याला.

करायचं कसं ते नीट वाचा. पाठ भिंतीला टेकवा, पाय भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, खांद्याएवढे फाकवलेले, मग पाठ घसरवत खाली या. पहिल्या दिवशी खुर्चीएवढं खाली जायचं नाहीये, गुडघे थोडेसेच वाकवा, एवढेच की दोन मिनिटं कशीबशी धरता येईल. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. दोन मिनिटं धरा, दोन मिनिटं खुर्चीवर बसा, असं चार वेळा. सगळं मिळून एका कुकरच्या वेळेत होतं. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सोडून. दोन मिनिटं जमत नसतील तर तीस सेकंदांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा, सोपं वाटायला लागलं की जरा आणखी खाली जा.

सगळ्यात महत्त्वाचं, श्वास धरायचा नाही. मी ग्रुपमध्ये सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावते, कारण मोजताना श्वास कोंडताच येत नाही. श्वास दाबून जोर लावला की त्या क्षणी बीपी झपकन वर जातं. आणि हा व्यायाम करत असताना बीपी थोडं वर जातंच, ते आठवड्यांनंतर खाली येतं, म्हणून ज्यांचं अजून कंट्रोलमध्येच नाही, ज्यांना हार्टचा त्रास आहे, अँजिओप्लास्टी झालीये, डोळ्यांच्या पडद्याचा किंवा एन्युरिझमचा (म्हणजे रक्तवाहिनीला फुगा येण्याचा) प्रॉब्लेम आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिंतीला टेकूच नका. हे करून झाल्या झाल्या बीपी मोजूनही घाबरू नका.

भिंतीशिवाय घरात अजून बरंच आहे. जागेवर गुडघे उचलत चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, ओट्याला हात टेकवून तिरकं पुशअप, टाचा उचलणं, जिना असेल तर जिना. दिवसातून दोनदा पंधरा पंधरा मिनिटं धरा. घरकामाने व्यायाम होतो का असंही विचारतात. फरशी पुसताना दम लागत असेल तर होतो, पण भाजी निवडताना नाही. आणि खरं सांगू, घरच्या माणसांनी एवढा वेळ त्या बाईला मोकळा करून दिला पाहिजे, नाहीतर बाकी सगळे सल्ले फुकट आहेत.

गुडघे दुखतात, वॉल सिट जमणार नाही. मग?

मग मुठीचा व्यायाम. मऊ स्पंजचा बॉल किंवा हँडग्रिप घ्या, पूर्ण ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने दाबून दोन मिनिटं धरा, हात बदला, दोन्ही हातांचे मिळून चार राउंड, मध्ये विश्रांती. हाही आठवड्यातून तीनदा. सोबत सपाट रस्त्यावर चालणं किंवा जागेवरची सायकल, गुडघ्यांना ती बरी पडते.

वजनं उचलली तर चालेल का? मुलगा जिमला नेतो म्हणतोय.

चालेल, हलकी वजनं आणि जास्त वेळा, आठवड्यातून दोनदा. जोर लावताना श्वास सोडायचा. शेवटचा सेट दात-ओठ खाऊन काढायची हौस आपण बीपीवाल्यांनी करायची नाही, आणि प्री-वर्कआउट पावडरी तर नकोच, त्यात भरमसाठ कॅफिन असतं.

योगा-प्राणायाम केलं तर गोळी लागणार नाही असं म्हणतात.

योगा खूप चांगला आहे, मी स्वतः करते. अनुलोम-विलोम, भ्रामरी, नाहीतर नुसता संथ श्वास, मिनिटाला साधारण सहा, दहा-पंधरा मिनिटं, याने मन शांत होतं आणि बीपीही थोडं उतरतं. पण "लागणार नाही" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. बीपी जास्त असताना कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरायचा कुंभक हे टाळा, आणि शीर्षासन, सर्वांगासन असं डोकं खाली-पाय वर असलेलंही टाळा. सूर्यनमस्कार संथ लयीत ठीक आहेत, रथसप्तमीला एकदम १०८ चा संकल्प नको.

वणीच्या गडावर पायऱ्या चढून जाऊ का? श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करू का?

बीपी कंट्रोलमध्ये असेल आणि आधीपासून रोज चालत असाल तर खुशाल जा. वर्षभर काही नाही आणि एकदम तिसऱ्या श्रावण सोमवारी रात्रभर फेरी, असं करू नका. आधी दीड-दोन महिने तयारी करा, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या दोन टप्प्यांत चढा, दम किती लागतो बघा. सकाळची गोळी उपवास आहे म्हणून चुकवायची नाही. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिने वर गेलं म्हणून देवी रागवत नाही. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, नेहमीपेक्षा फार दम असं काही झालं तर तिथेच थांबा आणि मदत मागा.

व्यायाम कुठल्या दिवशी करायचाच नाही?

शांत बसलेलं असताना १८०/११० किंवा जास्त येत असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. ताप, जुलाब, नीट झोप न झालेली रात्र, छातीत काहीतरी वेगळं वाटतंय, या दिवशी सुट्टी.

मीठ किती खायचं? आम्ही तर भाजीत कमीच टाकतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभरातलं सगळं आलं. आपण सगळे त्याच्या बरेच वर आहोत. भाजीतलं मीठ कमी केलंत ते छानच, पण ताटाच्या डाव्या बाजूला काय आहे ते बघा. लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताकात मीठ, सलाडवर मीठ. मग चार वाजता चहाबरोबर चिवडा-फरसाण, मुलांच्या नूडल्समधले दोन घास, सॉस. पापडात मीठ तर असतंच वर पापडखार असतो, तोही सोडियमच. खारी, टोस्ट, पाव, बिस्किटं गोडसर लागली तरी त्यात सोडियम असतं.

मिसळ सोडा असं मी नाशिककराला सांगणार नाही, सांगितलं तरी कोण ऐकणार आहे. पण रविवारी मिसळ खाल्ली तर तर्री दुसऱ्यांदा घेऊ नका, सोबतचा पापड आणि वरून जास्तीची शेव नको, दही घ्या, आणि त्या रात्री घरी साधी मुगाची खिचडी बिनलोणच्याची.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा की मीठ निघतं. १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम दिसलं की ते खारट पदार्थात धरा, मग पाकिटावर कितीही "बेक्ड" आणि "मल्टिग्रेन" लिहिलेलं असो.

जेवणाच्या टेबलावरची मिठाची वाटी उचलून ठेवा, चव आणायला लिंबू, आमसूल, जिरेपूड, लसूण, कोथिंबीर वापरा. पहिले पंधरा दिवस अळणी लागतं, घरात कुरकुर होते, मग जीभ सरावते आणि हॉटेलचं जेवण खारट लागायला लागतं.

सैंधव चालतं ना पण? उपवासाचं?

सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ, समुद्राचं मीठ, सगळ्यांत मुख्य सोडियम क्लोराईडच आहे. रंग बदलला म्हणून बीपीला काही कळत नाही. जितकं साधं मीठ कमी करायचं तितकंच सैंधवही. शिवाय सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं.

मग ते लो सोडियम मीठ?

त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० गावांत साधारण २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्के कमी झाले. त्यामुळे चीज चांगली आहे. पण ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू आहेत त्यांच्या अंगात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून आधी रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांचा होकार. घरात एकाला चालतं म्हणून सगळ्यांच्या भाजीत सरसकट टाकू नका. याच लोकांनी रोज नारळपाणी आणि केळी पण विचारूनच.

बाकीच्यांनी पालेभाज्या, डाळी, फळं, ताक भरपूर खा. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात फळं, भाज्या, कमी फॅटचं दूध-दही वाढवलं तर वजन तेवढंच असतानाही बीपी उतरलं. आपली नाचणी-ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, कोशिंबीर आणि बिनमिठाचं ताक म्हणजे जवळपास तेच आहे, त्यासाठी ॲव्होकाडो आणायला नको.

वाईन हार्टला चांगली असते ना? आपल्या नाशिकचीच आहे.

द्राक्षं खा. वाईनबद्दल जुन्या काळात बरंच चांगलं लिहिलं गेलं, पण २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूची कुठलीच मात्रा तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही. दारूने बीपी वाढतं, मग ती वाईन असो की देशी, आणि जितकी जास्त तितकं जास्त. पीत नसाल तर हार्टसाठी म्हणून सुरू करू नका. पीत असाल तर कमी करा, एक महिना बंद करून घरचे आकडे बघा, तुम्हालाच दिसेल. रोज बरीच घेणाऱ्यांनी मात्र एकदम न तोडता डॉक्टरांच्या मदतीने सोडा, अचानक सोडल्याने फिट येऊ शकते.

तंबाखू, मिश्री?

सोडा. बीपी आणि तंबाखू एकत्र म्हणजे हार्ट अटॅकचा आणि पक्षाघाताचा धोका कितीतरी वाढतो. मिश्री दातांना लावणाऱ्या मावशी "मी कुठे तंबाखू खाते" म्हणतात, पण ती भाजलेली तंबाखूच आहे आणि निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. १८००-११-२३५६ ही सरकारची फुकट तंबाखूमुक्ती लाईन आहे.

दुधीचा रस, लसूण, सर्पगंधा, काढे?

लसूण जेवणात खा, थोडाफार उपयोग आहे. दुधीच्या रसाबाबत कळकळीने सांगते, तो कडू लागला तर एक घोटही पुढे पिऊ नका. कडू दुधीतल्या विषाने उलट्या, पोटातून रक्तस्राव, बीपी कोसळणं असं होऊन माणसं दगावली आहेत. भाजी करून खा ना त्यापेक्षा.

सर्पगंधा हे थोतांड नाही, उलट मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष गेलं, तिच्यातूनच रेसरपिन औषध आलं. पण म्हणूनच ती खरं औषध आहे, मन उदास होणं, ठोके मंद होणं असे तिचे परिणामही आहेत, झाडपाल्याच्या दुकानातून आणून चालू गोळ्यांवर घ्यायची वस्तू नाही. आणि ज्येष्ठमध! घसा बसला की आपण रोज चघळतो किंवा काढ्यात टाकतो, ते जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

पाठ दुखते म्हणून पेनकिलर घेतो, त्याने फरक पडतो का?

पडतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवरही ताण येतो. सर्दीच्या गोळ्यांमधलं फिनाईलेफ्रिन, संततिनियमनाच्या गोळ्या, स्टिरॉईड यांनीही. मेडिकलवाल्याला आधीच सांगा, "मला बीपी आहे."

सातपूरला शिफ्ट ड्युटी आहे. झोपेचं काय करू?

दादा, अंबड-सातपूरच्या शिफ्टवाल्यांचं मला खरंच वाईट वाटतं, शरीराला दर आठवड्याला नवीन घड्याळ. जमेल तेवढं करा. नाईटवरून आलात की खोली अंधारी करून सलग झोपा, सात तास तरी, शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा नको, कँटीनच्या वडापावाऐवजी डबा न्या. गोळी सकाळी की रात्री या चिंतेत पडू नका, ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांचा अभ्यास होऊन २०२२ मध्ये निकाल आला, दोन्हींत फरक नाही, आठवणीत राहील ती वेळ डॉक्टरांशी बोलून पक्की करा.

आणि घोरता का, ते बायकोला विचारा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा मशीनसमोर डुलकी, असं असेल तर स्लीप ॲप्निया असू शकतो. तो असेल तर तीन-तीन गोळ्यांनीही बीपी ऐकत नाही, तपासून घ्या.

वजन किती कमी केलं म्हणजे फरक पडेल?

ढोबळ हिशोब एक किलोला एक पॉइंट. पाच किलो उतरलं तरी कामाचं आहे. काट्यापेक्षा कंबरेची टेप बघा, पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी, त्याच्या आत.

थंडीत माझं बीपी वाढतं, असं असतं का?

हो, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की पहाटे पाचचं फिरणं बंद करून ऊन आल्यावर साडेसात-आठला जा, कानटोपी घाला, वॉर्म-अप घरातच करा. उन्हाळ्यात उलट होतं, आकडे उतरतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर चक्कर येते, तेव्हा डॉक्टरांना दाखवून डोस बघून घ्या.

तीन महिने व्यायाम केला, आता १२४/७८ येतं. गोळी बंद करू?

नाही! १२४ हे गोळी आणि व्यायाम दोघांनी मिळून आणलंय. गोळी लाईफस्टाईलमध्ये कमी पडलात म्हणून मिळालेली शिक्षा नाही आणि व्यायाम हा गोळीपासून सुटायचा रस्ता एवढंच नाही, दोन्ही एकाच बाजूने काम करतायत. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारतं. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आकडे सतत कमी असतील, उठताना चक्कर येत असेल तर ते स्वतःच डोस कमी करतील, बऱ्याच जणांचा होतो. काहींचा होत नाही, त्यात तुमचं काही चुकलं असं नसतं, वय आणि आई-वडिलांकडून आलेलं शरीर आपण बदलू शकत नाही. गोळीने पायाला सूज किंवा कोरडा खोकला आला तरी मनाने सोडू नका, गोळी बदलून मिळते.

घरी १९० आलं तर काय करायचं?

आधी शांत बसा, पाच मिनिटांनी परत मोजा. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अचानक अंधुक दिसणं किंवा भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर लगेच १०८, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. यातली लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरी १०८. त्रास काहीच नसेल पण आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शेजारच्या काकांची गोळी घ्यायची नाही, जिभेखाली तर काहीच ठेवायचं नाही मनाने. गरोदर ताईंनी १४०/९० आलं तरी थांबू नका, त्याच दिवशी बाळंतपणाच्या डॉक्टरांना दाखवा.

किती दिवसांत फरक दिसतो?

मिठाचा दोन ते चार आठवड्यांत. चालण्याचा, भिंतीच्या व्यायामाचा चार ते बारा आठवड्यांत, हळूहळू. एखाद्या दिवशी वाढलेला दिसला म्हणून नाराज होऊन सोडू नका, महिन्याची सरासरी महिन्याच्या सरासरीशी लावून बघा.

फुकट कुठे तपासता येईल?

महापालिकेच्या शहरी आरोग्य केंद्रांत, सिव्हिलला, आणि गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्रात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे, आशाताईंना विचारलं तरी त्या दिवस-वेळ सांगतात. नेहमीच्या बीपीच्या गोळ्याही तिथे मिळतात, बाहेरून घ्यायच्या असतील तर जनऔषधी दुकानात स्वस्त पडतात. पहिल्यांदा हाय निघालं असेल तर किडनीची रक्त तपासणी, लघवी, शुगर, कोलेस्ट्रॉल आणि ईसीजी एकदा करून घ्या, तिशीच्या आतच निघालं असेल तर कारण काय ते डॉक्टरांना खोलात शोधायला सांगा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढे-चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या.